तीनचाकीचे पुढचे चाक

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी आमच्या सौंसर-पांढुर्ण्याकडे घरोघरची मुले लाकडी नंदी सजवून ओढीत नेतात. त्या मिरवणुकीत एक तरी नंदी असा निघतोच, की दोरी कितीही सरळ ओढा, तो आपला एका अंगाला वळतो, शेजारच्या नंदीला धडकतो आणि शेवटी रडवेल्या मुलाच्या काखेत बसून घरी परततो. त्याची शिंगे, झूल, घुंगरू सारे जागच्या जागी असते. फक्त एका चाकाचा खिळा किंचित तिरपा ठोकला गेलेला असतो. मोठ्या माणसांना त्याचे हसू येते. परंतु हाच तिरपेपणा माणसे वाहून नेणाऱ्या वाहनात शिरला, म्हणजे तो हसण्यावारी नेता येत नाही.

हे सुचण्यास कारण घडले ते असे. गेल्या पोळ्याला आम्ही नातलगांकडे सौंसर मुक्कामी होतो. शनिवार पाहून जामसावळीच्या मारुतीच्या दर्शनाला जावे म्हणून रिक्षा केली. रिक्षावाला तिशीतला, बोलण्यात अदबशीर. वाटेत आमच्या ध्यानात आले, की रस्ता सरळ असूनही त्याने हँडल उजवीकडे जरा वळवूनच धरले आहे आणि त्याचा उजवा खांदा त्या श्रमाने वर आला आहे. विचारले, तेव्हा तो म्हणाला, “काय सांगू काकाजी, गाडी डावीकडे ओढते. दोन वर्सं झाले, मी तिले ओढतो अन् ती मले ओढते.”

मग त्याची सारी हकीकत बाहेर आली. रिक्षा कर्जाची, हप्ते अजून चालू. सकाळी शाळेची मुले, मंगळवारी व शनिवारी जामसावळीचे भाविक, बाकीच्या दिवशी बसस्थानकावरची बारीकसारीक भाडी, यावर घर चालते. गाडी ओढू लागल्यावर एका गॅरेजात पुढचा टायर बदलला, दुसऱ्यात हँडलाचा कोनसेट बदलला, तिसऱ्याने पुढचा शॉकअॅब्सॉर्बर आणि चौथ्याने पुढचा दांडाच बदलून दिला. प्रत्येक वेळी चार दिवस बरे वाटे, पुन्हा तेच. आणि आदल्याच महिन्यात पाच मुले गाडीत असताना आडव्या आलेल्या वासरासाठी त्याने ब्रेक दाबला, तर नेहमी डावीकडे ओढणारी गाडी एकाएकी उजवीकडे फेकली गेली. समोरून वाहन नव्हते म्हणून निभावले. त्या दिवसापासून त्याची झोप उडाली होती. “मिळंल त्या भावात विकून टाकतो,” असे तो म्हणाला. पण विकून पुढे काय, याचे उत्तर त्याच्यापाशी नव्हते.

आम्ही यंत्रविद्येतले जाणकार नव्हे. परंतु आमच्या नातलगांच्या ओळखीचे एक वृद्ध मिस्त्री पांढुर्ण्याच्या रस्त्याला दुकान लावून बसतात, ते आम्हांस आठवले. त्यांचे वडील सुतार; स्वतः मिस्त्रींनी तरुणपणी बैलबंडीचे आख बसवलेले. दर्शन आटोपून आम्ही रिक्षा तशीच त्यांच्याकडे नेण्यास सांगितले. तेथे जे दोन-अडीच तास गेले, त्यांत जे पाहिले आणि मागाहून वाचून जे समजून घेतले, ते वाचकांपुढे ठेवतो.

तीन चाकांची कुळकथा

तीन चाकांची गाडी ही गरिबाने केलेली काटकसर, असा एक समज आहे. वस्तुस्थिती तशी नाही. जर्मनीतील कार्ल बेंझ यांनी २९ जानेवारी १८८६ रोजी ज्या मोटारगाडीच्या पेटंटासाठी अर्ज केला, तिला तीनच चाके होती. पुढे एक, मागे दोन. पुढे दोन चाके ठेवली तर वळणावर आतल्या चाकाला अधिक आणि बाहेरच्याला कमी वळावे लागते, आणि ही जुळणी त्यांना तेव्हा मनासारखी साधली नव्हती. एकच चाक ठेवले, की तो प्रश्नच उरत नाही. पुढे १८९३ साली ती जुळणी साधल्यावर त्यांनी चारचाकी गाडी काढली.

आपल्याकडील रिक्षाचे मूळ इटलीत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ साली कोरादिनो दास्कानियो यांच्या आराखड्यावरून व्हेस्पा स्कूटर निघाली आणि १९४८ साली तिच्यापासूनच ‘आपे’ ही मालवाहू तीनचाकी तयार झाली. व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी आणि आपे म्हणजे मधमाशी; नावांतच दोघींच्या कामाचा भेद सांगितलेला आहे. अशा तीनचाकीवर माणसांसाठी आसन बसवता येईल, ही कल्पना आपल्या देशात धरली ती नवलमल कुंदनमल फिरोदिया यांनी. तेव्हाच्या अहमदनगरचे हे वकील व स्वातंत्र्यसैनिक. माणसाने माणसाला ओढावे, ही गोष्ट त्यांना सलत असे. स्वातंत्र्यानंतर लगेचच्या वर्षांत त्यांच्या प्रयत्नांनी पुण्यात ऑटोरिक्षा धावू लागली. आज आपल्या गावांतून धावणारी रिक्षा त्याच घराण्यातली.

त्रिकोण आणि दोरी

चारचाकीच्या पुढच्या दोन चाकांचा परस्परांशी मेळ घालावा लागतो. तीनचाकीत पुढे चाक एकच. मग त्याचा मेळ कोणाशी घालायचा? मिस्त्रींनी याचे उत्तर खडूने जमिनीवर काढून दाखवले. पुढच्या चाकाचा एक बिंदू, मागच्या दोन चाकांचे दोन, झाला त्रिकोण. पुढच्या बिंदूपासून मागच्या दोन्ही बिंदूंचे अंतर सारखे हवे, म्हणजे शाळेत शिकलेला समद्विभुज त्रिकोण. त्याच्या शिरोबिंदूपासून पायाच्या मध्यावर रेघ काढली, तर ती गाडीची मधली रेघ. हँडल सरळ धरले असता पुढचे चाक नेमके त्या रेघेवर, उभे आणि तिच्याच दिशेने असावे. आणि मागची दोन्ही चाके त्या रेघेला समांतर असावीत. पुढच्या चाकाची जुळणी म्हणतात ती एवढीच. परंतु तिचा अर्धा भाग मागच्या चाकांत आहे, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही.

“बंडीचा आख बसवताना बाप हेच करे,” मिस्त्री म्हणाले. जुवाकडच्या टोकापासून आखाच्या दोन्ही टोकांपर्यंत दोरी धरायची. दोन्हीकडे सारखी भरली तर बंडी बैलांच्या मागे सरळ चालते, नाही तर एका बैलाच्या खांद्याला जू घासत राहते. रिक्षात बैल नाही, म्हणून तो घासा टायरला आणि चालवणाऱ्याच्या खांद्याला बसतो.

हा घासा केवढा असतो, याचा हिशेब अगदी सोपा आहे. चाक आपल्या चालण्याच्या दिशेशी एकच अंश तिरपे असेल, तर प्रत्येक किलोमीटरला ते सुमारे साडेसतरा मीटर आडवे फरफटते. दिवसाला शंभर किलोमीटर धावणाऱ्या गाडीचे असे चाक रोज पावणेदोन किलोमीटर नुसते घासले जाते. डोळ्यांना एक अंश दिसत नाही; टायरला मात्र तो दर क्षणी जाणवतो.

रुळांवरच्या चाकाला ही चिंता नाही. त्याची वाट आधीच आखलेली असते. सौंसरवरून नागपूर-छिंदवाड्याची अरुंद रुळांची गाडी जात असे, आता तो मार्ग रुंद झाला. पण रूळ अरुंद असोत की रुंद, चाकाने कोठे जावे हे तेच ठरवतात. रस्त्यावरच्या चाकाला स्वतःच्या सरळपणावरच अवलंबून राहावे लागते.

त्या सरळपणाला आणखी एक आधार दिलेला असतो. दवाखान्यातील ढकलत्या खाटेची लहान चाके पाहा. खाट पुढे ढकलली, की ती आपोआप मागे वळून रांगेत येतात, कारण चाक आपल्या खुंटीच्या जरा मागे बसवलेले असते. रिक्षाचा हँडलाचा दांडाही असाच कललेला असतो. त्याची रेघ खाली वाढवली तर ती टायर टेकतो त्या जागेच्या थोडी पुढे जमिनीला मिळते. म्हणून हात सैल सोडला तरी चाक सरळ होऊ पाहते. अपघाताने किंवा खड्ड्याच्या आदळीने दांडा वाकला, तर हे अंतर बिघडते आणि गाडी वेगात असताना पुढचे चाक थरथरू शकते.

तपासणीचा क्रम

मिस्त्रींनी पान्याला हात लावण्यापूर्वी जे केले, ते प्रत्येक रिक्षामालकाने शिकून घ्यावे असे आहे. स्वस्त गोष्ट आधी आणि महाग गोष्ट शेवटी, असा त्यांचा क्रम.

पहिली तपासणी हवेची. मागच्या दोन टायरांत हवा कमीजास्त असेल, तर गाडी कमी हवेच्या बाजूला ओढते. यावर खर्च काहीच नाही आणि पुष्कळांचा रोग येथेच बरा होतो.

दुसरी तपासणी टायरवर हात फिरवण्याची. मध्यभागच झिजला असेल तर हवा जास्त भरली जाते, दोन्ही कडा झिजल्या असतील तर कमी. एकच कड झिजली असेल तर चाक उभे नसून कललेले आहे. आणि तळहात एका दिशेने नेता गुळगुळीत, उलट नेता करवतीसारखा खरखरीत लागला, तर टायर आडवा घासला जात आहे, असे समजावे.

तिसरी तपासणी रस्त्याची. आपले डांबरी रस्ते पाणी निथळावे म्हणून मध्ये उंच असतात. आपण डाव्या अंगाने चालतो, त्यामुळे चांगली गाडीही जरा डावीकडे घसरते. तिला दोष देण्यापूर्वी सपाट मैदानात, शक्य तर दोन्ही दिशांनी चालवून पाहावे.

चौथी तपासणी गाडी उचलून. जमीन टणक असावी, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दगड लावावेत, आणि नुसत्या जॅकवर न विसंबता खाली भक्कम ठोकळा द्यावा. पुढचे चाक खालून धरून पुढे-मागे हलवले असता ठक् असा आवाज आला, तर कोनसेट सैल आहे. हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवताना मध्येच अडल्यासारखे वाटले, तर छर्‍यांनी वाटीत खड्डे पाडले आहेत. तो बदलावाच लागतो, कारण नुसता आवळला तर हँडल जड होते आणि चाक स्वतःहून सरळ येत नाही. मग चाक फिरवून त्याच्या कडेजवळ खडू स्थिर धरावा. रिंग वाकडी असेल तर खडू एकाच जागी उमटतो. मागची चाके एकेक उचलून हाताने फिरवावीत. एक मोकळे आणि एक जड फिरत असेल, तर तेथे ब्रेक घासत आहे.

इतके झाल्यावर दोरी. मागच्या प्रत्येक चाकाच्या बाहेरच्या अंगाला, टायरच्या पुढच्या व मागच्या दोन्ही कडांना टेकेल अशी सुतळी ताणून ती थेट पुढच्या चाकाच्या पलीकडे न्यावी. चालकाच्या जागी माणूस बसलेला असावा, म्हणजे गाडी रोजच्या वजनाने दबलेली राहते. आता हँडल सरळ धरून पुढच्या रिंगेच्या पुढच्या कडेपासून आणि मागच्या कडेपासून दोन्हीकडच्या सुतळ्यांपर्यंत अंतर मोजावे. डावी-उजवी मापे जुळली तर पुढचे चाक मधोमध व सरळ आहे. दोन सुतळ्यांमधले अंतर मागे आणि पुढे सारखे भरले, तर मागची चाके समांतर आहेत. मोजपट्टी, सुतळी आणि एक मदतनीस, एवढ्या साहित्यात हे काम होते.

दोष कोठे निघाला

आमच्या रिक्षाची पुढची मापे मिलिमीटरपर्यंत जुळली. जुळायचीच होती, पुढचे सगळे नवे होते. मग मिस्त्रींनी रिक्षावाल्याला एकच प्रश्न विचारला: “रेस देतो तवा कोण्या बाजूले जाते, अन् ब्रेक मारतो तवा कोण्या बाजूले?” रेस देताना डावीकडे, ब्रेकला उजवीकडे, असे त्याने सांगितले. म्हातारे हसले. “मंग पुढचं चाक बिचारं इमानदार हाय. खोटं मागचं बोलते, अन् मार याले बसते.”

त्यांचा तर्क असा होता. पुढचा दांडा वाकला असेल, तर तो रेस देताना आणि ब्रेक लावताना बाजू बदलत नाही. वाकलेली वस्तू वाकलेलीच राहते. ओढ बाजू बदलते, याचा अर्थ काहीतरी सैल आहे आणि जोर ज्या दिशेने येईल तिकडे ते हलते. रिक्षाची मागची चाके प्रत्येकी एका स्वतंत्र आर्मच्या टोकाला असतात आणि तो आर्म चासीला बुशवर बिजागरीसारखा लटकलेला असतो. बुश झिजला, की इंजिनाच्या जोराने चाक एका बाजूला तोंड करते आणि ब्रेकच्या जोराने दुसऱ्या बाजूला. गाडीची शेपटी अशी हलली, की तिला सरळ ठेवण्यासाठी हँडल वाकडे धरावे लागते. दुखणे पाठीत आणि लेप कपाळाला, असे दोन वर्षे चालले होते.

सुतळीने ते सिद्धच झाले. डाव्या मागच्या चाकाच्या पुढच्या व मागच्या कडेत सहा मिलिमीटरांचा फरक होता, म्हणजे अंशाहून थोडे कमी. आर्मला पहार लावून हलवला, तर तो डोळ्यांना दिसेल इतका खुळखुळला. बुश बदलला, दोरी पुन्हा धरली, दोन्ही मापे जुळली. जो खर्च आला, तो आधीच्या चार दुरुस्त्यांपैकी सर्वांत स्वस्त दुरुस्तीहूनही कमी होता. रिक्षावाल्याने मैदानात एक चक्कर मारली, हँडलावरचा हात जरा सैल केला आणि गाडी सरळ चाललेली पाहून तो काही वेळ तसाच चक्कर मारीत राहिला. परत आल्यावर काही बोलला नाही. मिस्त्रींच्या पायांना हात लावला.

ई-रिक्षा, सांती आणि दोन पुढची चाके

आता आपल्या गावांतून विजेवरच्या ई-रिक्षाही फिरू लागल्या आहेत. २०१५ च्या कायदादुरुस्तीने त्यांना मोटार वाहन कायद्यात स्थान मिळाले आणि त्यांची वेगमर्यादा ताशी २५ किलोमीटर आहे. व्हेस्पाच्या घराण्यातील गाड्यांचे पुढचे चाक एकाच बाजूच्या दांड्यावर बसते; ई-रिक्षांना बहुधा मोटारसायकलसारखा दोन पायांचा फोर्क असतो. खड्ड्यात आदळून हे दोन पाय पकडींमध्ये किंचित पिळले जातात आणि हँडल एकीकडे, चाक दुसरीकडे असे दिसू लागते. प्रत्येक वेळी फोर्क वाकलेलाच असतो असे नाही. आख व पकडींचे नट सैल करून, चाक गुडघ्यांत घट्ट धरून हँडल सरळ करावे, फोर्क दोन-चार वेळा दाबून सोडावा आणि नट पुन्हा नीट आवळावेत, इतक्याने पुष्कळदा काम भागते. तेवढ्याने सरळ आले नाही, तरच फोर्क उतरवून तपासावा.

मोटारसायकलचेच तीन चाकांचे आणखी एक रूप कापूस पिकवणाऱ्या आपल्या शेतकऱ्यांना जवळचे वाटेल. गुजरातमधील अमरेली जिल्ह्याचे मनसुखभाई जगानी यांनी १९९४ साली बुलेट मोटारसायकलचे मागचे चाक काढून तेथे दोन चाकांचा सांगाडा आणि मागे शेतीची अवजारे लावली. ‘बुलेट सांती’ या नावाने ती ओळखली जाते. आपण बैलांच्या डवऱ्याने करतो ती डवरणी त्या यंत्राने होते. तेथे चाक तिरपे असेल तर टायर झिजेल ही गोष्ट दुय्यम. आधी तासातली पऱ्हाटी चिरडेल.

परदेशांत याच्या उलट, पुढे दोन आणि मागे एक चाक अशाही मोटारसायकली निघाल्या आहेत. इटलीची २००६ ची पियाजिओ एमपी-थ्री हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. तेथे पुढची दोन चाके एकमेकांशीही जुळवावी लागतात. म्हणजे बेंझ यांनी जो प्रश्न टाळला होता, तो पुढे दोन चाके आली की पुन्हा समोर येतो.

प्रवाशांसाठी दोन शब्द

ज्यांच्याजवळ रिक्षा नाही, त्यांनाही यात घेण्यासारखे आहे. तीनचाकीचा त्रिकोण पुढे निमुळता असतो. चालकाच्या शेजारी माणसे बसवली, की वजन त्या निमुळत्या भागाकडे सरकते आणि वळणावर ब्रेक लागला तर गाडी कलंडण्याचा धोका वाढतो. शिवाय हँडलही पुरते वळत नाही. सौंसरकडून छिंदवाड्याला चढताना घाटाची वळणे लागतात, तेथे तर हे मुळीच करू नये. आपल्या मुलांना शाळेत नेणारी रिक्षा सरळ रस्त्यावर वाकडे हँडल धरून चालताना दिसली, तर त्या माणसाला रागावण्याऐवजी आस्थेने विचारावे. कदाचित तोही चार दुरुस्त्यांचे पैसे भरून थकलेला असेल.

असो. परवा सौंसरहून फोन आला, तेव्हा आम्ही मुद्दाम त्या रिक्षाची चौकशी केली. रिक्षा विकलेली नाही. शाळेची मुले अजून तिच्यातूनच जातात. आणि त्या रिक्षावाल्याच्या घरी पोळ्यात वाकडा चालणारा जो लाकडी नंदी होता, त्याची चाके त्याने सुतळी धरून स्वतःच नीट केली आहेत. यंदाच्या तान्ह्या पोळ्याला तो नंदी काखेत बसून घरी येणार नाही, असा त्याच्या लेकीचा निरोप आहे.